राजकीय देणगीची खोटी वजावट: नोटीस आल्यापासून खटल्यापर्यंत काय करायचं आणि कोणत्या क्रमाने

राजकीय पक्षाला दिलेल्या देणगीवर करात वजावट देणाऱ्या कलम ८०जीजीसीची नोटीस घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी उत्तर आधीच अपलोड करून टाकलेलं असतं. कंपनीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरणारा मजकूर, खाली एजंटने पाठवलेली पावती, वर 'मी देणगी दिली आहे, वजावट मान्य करावी' एवढी ओळ. तिथून मागे फिरणं फार कठीण जातं. खोट्या वजावटीवर कर, व्याज आणि दंड लागतो. ती वजावट खरी आहे असं नोटीस आल्यावरही कागद जोडून सांगितलं, की आयकर खात्याला हेतू सिद्ध करायला वेगळा पुरावा शोधावा लागत नाही. म्हणून आधी काय, नंतर काय, याचाच हा लेख आहे.

प्रकार थोडक्यात असा. नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या एखाद्या पक्षाच्या खात्यात तुम्ही चेकने किंवा ऑनलाइन पैसे टाकता, काही टक्के कापून बाकीचे रोख परत मिळतात, आणि विवरणपत्रात पूर्ण रकमेची वजावट घेऊन रिफंड काढला जातो. दुसरा प्रकार याहून सोपा: एक रुपयाही न देता एजंट विवरणपत्रात आकडा टाकून देतो.

आयकर खात्याकडे यातलं काय आहे? सप्टेंबर २०२२मध्ये अशा पक्षांवर देशभर छापे पडले. जुलै २०२५मध्ये खोट्या वजावटी भरून देणाऱ्या मध्यस्थांच्या सुमारे १५० ठिकाणी तपासणी झाली. शिवाय आकारणी वर्ष (कमाईच्या आर्थिक वर्षानंतरचं वर्ष) २०२४-२५पासून विवरणपत्रातच देणगीची तारीख, व्यवहार क्रमांक आणि बँकेचा आयएफएससी कोड द्यावा लागतो. म्हणजे पैसा कोणत्या बँक खात्यात गेला हे तुम्हीच लिहून दिलेलं असतं, आणि ते खातं पुढे कुठे रिकामं झालं हे आयकर खात्याला दिसतं.

## टप्पा १: पोर्टल आपल्या ताब्यात घ्या, मग नोटीस ओळखा

एजंटकडून विवरणपत्र भरणाऱ्यांच्या ई-फायलिंग प्रोफाइलमध्ये अनेकदा मोबाइल आणि ई-मेल एजंटचाच असतो. नोटिसा त्याच्याकडे जातात, मुदत संपते, आणि करदात्याला कळतं ते थेट मागणीचा आदेश आल्यावर. म्हणून सगळ्यात आधी पासवर्ड बदला, स्वतःचा मोबाइल आणि ई-मेल टाका, आणि ई-प्रोसीडिंग्जमध्ये (पोर्टलवर नोटिसा दिसतात तो विभाग) जुन्या वर्षांचंही काही पडून आहे का ते पाहा. मागच्या सर्व वर्षांची विवरणपत्रं डाउनलोड करा. एका वर्षाची नोटीस आली असली, तरी एजंटने दोन-तीन वर्षं तेच केलेलं असण्याची शक्यता मोठी असते.

मग नोटिशीवरचा दस्तऐवज ओळख क्रमांक, म्हणजे डीआयएन, पोर्टलवरच्या पडताळणीच्या सुविधेत टाकून बघा. त्यासाठी लॉगिनही लागत नाही. क्रमांक जुळला नाही, तर त्यातल्या कुठल्याही लिंकला हात लावू नका.

नोटीस खरी असेल तर कलम वाचा, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं:

- कलम नसलेला एसएमएस किंवा ई-मेल: 'तुमची वजावट तपासा' एवढीच सूचना. ही सर्वात चांगली वेळ. इथे हालचाल केली तर पुढचे बहुतेक टप्पे वाट्याला येत नाहीत.
- कलम १३३(६): माहिती मागवली आहे.
- कलम १४३(२): त्या वर्षाचं विवरणपत्र छाननीला घेतलं आहे.
- कलम १४८ए: फेरआकारणी का करू नये, असं विचारलं आहे. सोबत खात्याकडची माहिती जोडलेली असायला हवी.
- कलम १३१: समन्स. शपथेवर जबाब.

तपासा: मुदत. करातून सुटलेलं उत्पन्न ५० लाखांच्या आत असेल, तर कलम १४८ची म्हणजे फेरआकारणीची नोटीस आकारणी वर्ष संपल्यापासून ३ वर्षं ३ महिन्यांच्या आत निघायला हवी. आकारणी वर्ष २०२२-२३ असेल तर ३० जून २०२६. नोटीस त्यानंतरची असेल, तर हा मुद्दा उत्तरात पहिला मांडायचा.

## टप्पा २: तुम्ही कोणत्या रकान्यात बसता ते ठरवा

हा टप्पा कागदावर करा, एकट्याने करा, आणि स्वतःशी खोटं बोलू नका. रकाने तीनच आहेत.

अ) देणगी खरी आहे. पैसे गेले, काहीही परत आलं नाही, आणि त्या तारखेला पक्ष लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१च्या कलम २९एखाली नोंदलेला होता.

आ) पैसे दिलेच नाहीत. एजंटने आकडा टाकला.

इ) पैसे दिले, आणि रोख किंवा दुसऱ्या कुठल्या खात्यातून परत आले.

लोक गोंधळ करतात तो 'इ' मध्ये. 'बँकेतून गेलेत ना, मग देणगी झालीच,' असं त्यांना मनापासून वाटतं. चाकणच्या एका कारखान्यातला सुपरवायझर माझ्यासमोर बसून हेच सांगत होता. मी त्याचं बँक स्टेटमेंट टेबलावर पसरलं. २८ मार्चला दीड लाख पक्षाच्या खात्यात गेलेले. सहा दिवसांनी त्याच्याच खात्यात १,४०,००० रोख भरलेले. पावती काढली, तर त्याच्याच शिफ्टमधल्या सहकाऱ्याच्या पावतीला लागून पुढचा क्रमांक, तीच तारीख, तीच रक्कम, तेच अक्षर. तो बराच वेळ त्या रोख भरण्याच्या ओळीवर बोट ठेवून बसला आणि मग म्हणाला, "हे त्यांनाही दिसत असणार." दिसतंच. ते पान उत्तरासोबत स्वतःच जोडायच्या तयारीत होता तो.

इशारा: निवडणूक आयोगाने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२५मध्ये अनुक्रमे ३३४ आणि ४७४ पक्ष यादीतून काढले. तुमचा पक्ष त्यात असला म्हणून 'अ' रकान्यातली खरी देणगी आपोआप खोटी ठरत नाही. देणगीच्या दिवशी नोंदणी होती का, हे पाहायचं. तसंच रोखीने दिलेली देणगी खरी असली तरी वजावटीला पात्र नाही, आणि नवी कररचना निवडली असेल तर ही वजावट मिळतच नाही.

## टप्पा ३: कागद जमवा, नवीन बनवू नका

पुढील गोष्टी एका फाइलमध्ये लावा: देणगीच्या आधीचे ३ आणि नंतरचे ६ महिने एवढ्या काळाचं सर्व खात्यांचं स्टेटमेंट (पत्नीच्या किंवा आईच्या नावावरच्या खात्यासह, जर पैसे तिथे आले असतील तर), पावती, भरलेलं विवरणपत्र, फॉर्म १६, एआयएस (पोर्टलवर मिळणारं तुमच्या वर्षभराच्या व्यवहारांचं विवरण), आणि एजंटशी झालेले मेसेज.

मेसेज पुसू नका. ते वाचून तुम्हाला लाज वाटेल हे मला माहीत आहे. पण एजंटने काय सांगितलं आणि तुम्ही काय कबूल केलं, हे ठरवायला पुढे त्याचाच आधार असतो. एजंटच्या फोनमध्ये त्याची दुसरी प्रत असतेच, त्यामुळे पुसून काही नाहीसं होत नाही, फक्त पुसल्याची गोष्ट वाढते.

सर्वात गंभीर इशारा इथे: नोटीस आल्यावर एजंट 'पक्षाकडून पत्र आणून देतो, मागची तारीख टाकून' असं सांगेल. घेऊ नका. मागच्या तारखेचं पत्र किंवा बनावट पावती खात्यापुढे ठेवली, की विषय आयकर कायद्यापुरता राहत नाही. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीला ३१८, बनावट दस्तऐवजाला ३३६ आणि तो खरा म्हणून वापरण्याला ३४० ही कलमं आहेत. १ जुलै २०२४पूर्वीच्या कृत्यांना जुन्या दंड संहितेतली ४२०, ४६८, ४७१.

## टप्पा ४: 'आ' किंवा 'इ' असेल तर आधी कर भरा

सुधारित विवरणपत्राची मुदत चालू असेल तर तेच भरा. ती संपली असेल तर कलम १३९(८ए)खालचं अद्ययावत विवरणपत्र, ज्याला सगळे आयटीआर-यू म्हणतात. २०२५च्या वित्त कायद्याने त्याची मुदत आकारणी वर्ष संपल्यापासून २४ वरून ४८ महिने केली. उशीर वाढेल तसा कर आणि व्याजावरचा जादा भार वाढतो: पहिल्या १२ महिन्यांत २५ टक्के, मग ५०, ६० आणि ७०.

आकारणी वर्ष २०२४-२५ घ्या. ते ३१ मार्च २०२५ला संपलं. ३१ मार्च २०२६पर्यंत २५ टक्के, ३१ मार्च २०२७पर्यंत ५० टक्के, आणि असंच पुढे. १ एप्रिलला एक दिवस उशीर झाला तरी पुढचा दर लागतो.

आकड्यांत पाहू. जुन्या कररचनेत ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाने २,००,००० ची खोटी वजावट घेतली. सेससह वाचवलेला कर ६२,४००. स्वतःहून पहिल्या वर्षात भरलं तर त्यावर २५ टक्के, म्हणजे १५,६००, शिवाय लागू असेल ते व्याज आणि त्या व्याजावरही २५ टक्के. रिफंडवर खात्याने व्याज दिलं असेल तर तेही परत. हेच खात्याने पकडून कलम २७०एखाली चुकीची माहिती दिल्याचा दंड लावला, तर दंड कराच्या २०० टक्के, म्हणजे १,२४,८००, आणि मूळ कर व व्याज वेगळे.

क्रम असा ठेवा:

1. त्या वर्षातली बाकीची प्रत्येक वजावट तपासा. घरभाडं, ८०डी (आरोग्य विमा), ८०डीडीबी (ठरावीक गंभीर आजारांवरचे उपचार), ८०ई (शैक्षणिक कर्जाचं व्याज), ८०जी (धर्मादाय देणगी). एजंटने एकच खोटी टाकली असेल असं धरू नका.
2. कर, व्याज आणि जादा भार मोजून ई-पे टॅक्समधून भरा. आकारणी वर्ष निवडताना दोनदा बघा. चुकीच्या वर्षात गेलेलं चलन दुरुस्त करण्यात महिने जातात.
3. चलनाचा तपशील टाकून आयटीआर-यू भरा.
4. ३० दिवसांच्या आत ई-व्हेरिफाय करा. हे राहिलं तर विवरणपत्र भरलेलंच नाही असं धरलं जातं.

इशारा: एका आकारणी वर्षासाठी आयटीआर-यू एकदाच भरता येतं. घाईत फक्त ८०जीजीसी काढून भरलं आणि मग खोटं घरभाडं आठवलं, तर दुसरी संधी नाही.

दुसरा इशारा: काही जण ८०जीजीसी काढतात आणि तेवढीच रक्कम ८०जी किंवा ८०डीडीबीत बसवतात, म्हणजे रिफंड परत करावा लागू नये. हे करू नका. पहिल्या वेळी 'एजंटने केलं' म्हणता येईल, दुसऱ्या वेळी म्हणता येत नाही.

हा मार्ग नेहमी खुला नसतो. त्या वर्षाची आकारणी चालू किंवा पूर्ण झालेली असेल, तुमच्याकडे छापा किंवा सर्वेक्षण झालं असेल, किंवा दुसऱ्याच्या छाप्यातले कागद तुमच्याशी संबंधित असल्याची नोटीस निघाली असेल, तर अडथळा येतो. नोटीस हातात पडली असेल, तर आपल्या वर्षाला आणि टप्प्याला आज कोणती तरतूद लागते हे सीएकडून लेखी घ्या. आणि आयटीआर-यू भरलं म्हणजे खटल्यातून कायद्याने सूट मिळाली, असंही समजू नका. उपयोग असा की हेतूच्या प्रश्नावर तुमच्या बाजूने दाखवायला एक तारीख असते.

## टप्पा ५: उत्तर लिहा

'अ' रकान्यातल्यांनी इथे ठामपणे उभं राहावं. बँक स्टेटमेंट, पावती, पक्षाच्या नोंदणीचा पुरावा, आणि 'माझ्याकडे कोणत्याही मार्गाने काहीही परत आलेलं नाही' असं स्पष्ट वाक्य. पक्षाच्या पदाधिकाऱ्याचा जबाब तुमच्याविरुद्ध वापरला जात असेल, तर त्याची प्रत मागा आणि उलटतपासणीची मागणी लेखी नोंदवा. 'सर्वसाधारणपणे हा पक्ष पैसे परत करायचा' आणि 'या माणसाला पैसे परत मिळाले' यांत फरक आहे, तो उत्तरात मांडा. घाबरून खरी देणगी मागे घेणारेही मी पाहिले आहेत. तसं करण्याची गरज नाही.

'आ' आणि 'इ' वाल्यांचं उत्तर छोटं असावं. वजावट मागे घेत आहे, कर व व्याज अमुक चलनाने भरलं आहे, प्रत सोबत. घडलं ते दोन-तीन वाक्यांत, जसं घडलं तसं. 'इ' मध्ये बसत असाल तर 'मला काहीच माहीत नव्हतं' लिहू नका. पाकीट तुमच्या हातात आलं होतं. आणि कबुलीतला प्रत्येक शब्द पुढे कोर्टात जाऊ शकतो, म्हणून हे उत्तर पाठवण्यापूर्वी वकिलाने वाचलेलं असावं. सीएने पाहिलं एवढं इथे पुरत नाही.

तपासा: उत्तर मुदतीत गेलं का, पोचपावती डाउनलोड झाली का, जोडलेल्या फाइल उघडतात का. मुदत कमी पडत असेल तर ती संपण्याआधी वाढ मागा.

कलम १४८ची नोटीस निघालीच, तर दिलेल्या मुदतीत विवरणपत्र भरावं लागतं. ते खोट्या वजावटीशिवाय भरा. एवढ्याने दंड टळतोच असं नाही. पण तीच वजावट पुन्हा भरणारे लोक आहेत, आणि त्यांनी खोट्या विधानावर आपल्या हाताने दुसऱ्यांदा सही केलेली असते.

## टप्पा ६: समन्स आलं तर

जा. न जाणं हा स्वतंत्र त्रास आहे. कलम १३६मुळे आयकर अधिकाऱ्यापुढची कार्यवाही न्यायालयीन मानली जाते, म्हणून शपथेवर खोटं सांगणं हा वेगळा गुन्हा होतो. जे आठवत नाही ते 'आठवत नाही, कागद पाहून सांगतो' असं सांगा. जबाब सही करण्याआधी पूर्ण वाचा. इंग्रजी नीट समजत नसेल तर मराठीत समजावून द्यायला सांगा आणि तसं समजावल्याची नोंद करून घ्या. प्रत मागा. जबाब चुकीचा नोंदला गेला असेल तर लगेच लेखी कळवा. वर्षभराने फिरवलेल्या जबाबाला फारशी किंमत राहत नाही.

## टप्पा ७: आदेश आला की दोन गोष्टी पाहा

पहिली, दंडाच्या भागात कमी उत्पन्न दाखवलं असं म्हटलं आहे की चुकीची माहिती दिली असं. पहिल्याला दंड कराच्या ५० टक्के, दुसऱ्याला २००. दुसरी, कलम २७०एएखाली दंड आणि खटला दोन्हींतून मुक्ती मागता येते का. तो मार्ग मुळात कमी उत्पन्न दाखवल्याच्या प्रकरणांसाठी आहे. मागणीची रक्कम मुदतीत भरायची, अपील करायचं नाही, आणि आदेश मिळालेला महिना संपल्यापासून १ महिन्यात फॉर्म ६८ भरायचा. हा महिना 'बघू, विचार करू' म्हणण्यात जातो. आदेश आला त्याच दिवशी कॅलेंडरवर खूण करा.

## टप्पा ८: खटल्याची कारणे दाखवा नोटीस

ही दंडाच्या नोटिशीपेक्षा वेगळी असते आणि लोक दोन्हींना एकच उत्तर पाठवतात. हिच्यात कलम २७६सी म्हणजे जाणूनबुजून कर चुकवणं, २७७ म्हणजे पडताळणीत खोटं विधान, आणि दुसऱ्याला त्यासाठी मदत केल्यास २७८, यांचा उल्लेख असतो. एजंट आणि पक्षाचे पदाधिकारी मुख्यतः शेवटच्यात येतात. पण ज्याने ऑफिसमधल्या वीस जणांना 'माझा माणूस आहे, रिफंड काढून देतो' म्हणून ओळख करून दिली, त्यानेही हे कलम नीट वाचावं.

१९६१च्या कायद्याची मूळ चौकट अशी: चुकवू पाहिलेला कर २५ लाखांवर असेल तर ६ महिने ते ७ वर्षं सक्तमजुरी, त्याखाली ३ महिने ते २ वर्षं, आणि दंड. शिक्षेच्या तरतुदी अर्थसंकल्पातून बदलत राहतात, म्हणून नोटिशीच्या तारखेला काय लागू आहे ते वकिलाकडून पक्कं करा. १ एप्रिल २०२६पासून नवा आयकर कायदा २०२५ आला असला, तरी त्याआधीच्या वर्षांचा हिशोब जुन्या कायद्याखालीच होतो.

उत्तरात तपासायचे मुद्दे:

- मंजुरी. कलम २७९प्रमाणे आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याच्या पूर्वमंजुरीशिवाय खटला भरता येत नाही.
- २५ लाखांची मर्यादा. ९ सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकानुसार कर २५ लाख किंवा कमी असेल, तर मुख्य आयुक्त दर्जाच्या दोन अधिकाऱ्यांच्या समितीची आधी मान्यता लागते. पगारदारांची बहुतेक प्रकरणं या मर्यादेखालची असतात. ही मान्यता घेतली का, हे विचारा.
- दंड टिकला का. अपिलात न्यायाधिकरणाने दंडच रद्द केला, तर त्याच मुद्द्यावरचा खटला टिकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने के. सी. बिल्डर्स प्रकरणात २००४ साली म्हटलं. उलट 'माझं अपील चालू आहे, म्हणून खटला थांबवा' एवढ्यावर खटला थांबत नाही. तो मुद्दा १९८४च्या पी. जयप्पन प्रकरणात फेटाळला गेला आहे.
- हेतू. कलम २७८ईप्रमाणे न्यायालय दोषी मनोवृत्ती होतीच असं गृहीत धरतं, आणि ती नव्हती हे तुम्हाला संशयापलीकडे दाखवावं लागतं. टप्पा ३ची फाइल आणि टप्पा ४ची चलनं इथे कामाला येतात.

इशारा: हे गुन्हे कलम २७९एनुसार अदखलपात्र आहेत, म्हणजे पोलीस त्यात वॉरंटशिवाय स्वतःहून अटक करू शकत नाहीत. 'आयकरातून पोलीस येतायत, आत्ता पैसे ट्रान्सफर करा' असा फोन आला, तर तो सरळ बंद करा आणि सायबर गुन्ह्यांच्या १९३० क्रमांकावर कळवा.

## टप्पा ९: तक्रार दाखल झाल्यावर

दंडाधिकारी न्यायालयाचं समन्स आलं, की त्या तारखेला वकिलासह हजर राहा आणि जामीन घ्या. पहिली तारीख चुकवली तर वॉरंट निघू शकतं. पासपोर्ट, परदेशी नोकरी किंवा सरकारी नोकरी असेल, तर पहिल्याच भेटीत वकिलाला सांगा.

कम्पाउंडिंग, म्हणजे ठरलेलं शुल्क भरून गुन्हा मिटवणं, तक्रार दाखल होण्यापूर्वीही मागता येतं आणि नंतरही. १७ ऑक्टोबर २०२४च्या मार्गदर्शक सूचनांनी अर्जाला असलेली मुदतीची अट आणि कितीदा अर्ज करता येतो याची मर्यादा काढली. एका अर्जाचं शुल्क २५,०००, एकत्रित अर्जाचं ५०,०००. कर, व्याज आणि दंड आधी भरलेला असावा लागतो, आणि मंजुरी हा तुमचा हक्क नाही. अर्जात सगळी वर्षं एकत्र मांडा. एका वर्षाचा मिटवून दुसऱ्या वर्षाची नोटीस येण्याची वाट पाहिली, तर पहिल्या अर्जात लिहिलेलं दुसऱ्यात आडवं येतं.

मंजुरीचा आदेश मिळाला की त्याची प्रमाणित प्रत स्वतः वकिलामार्फत न्यायालयात दाखल करा. खातं कळवेल म्हणून थांबलात तर बोर्डावर प्रकरण तसंच राहतं आणि तारखा पडत राहतात.